पुढची कड

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे मी जे केलं ते फार थोर वाटेल, आणि ते तसं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझ्या मुलाचा कोच. अमेरिकन. आम्ही न्युरेम्बर्गच्या बाहेर एका लहान गावात राहतो. गावात एक फेराईन आहे, म्हणजे आपल्या भाषेत क्लब. तिथे टेनिस आहे, नेमबाजी आहे, पेन्शनर बायकांची जिम्नॅस्टिक्स आहे, आणि मागच्या अंगाला कुणाच्या तरी हौसेतून सुरू झालेला अमेरिकन फुटबॉल आहे. मुलगा चौदाव्या वर्षी तिथे गेला तो मित्राबरोबर, सहज. मी म्हटलं, चार दिवसांत कंटाळेल. व्हायोलिनला कंटाळला होता, पोहण्याला कंटाळला होता, मी शिकवायला घेतलेल्या देवनागरीला तर तिसऱ्या रविवारीच कंटाळला होता. ह्याला कंटाळला नाही.

खेळ तसा आडदांड. अंड्याच्या आकाराचा चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांना कवच. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांना. सगळा खेळ ह्या दहा यार्डांभोवती फिरतो. माझा मुलगा चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचा. ठेंगणा आणि भरलेला, माझ्यासारखा. माझी अंगकाठी त्याला कशाच्या तरी उपयोगी पडली, एवढं समाधान मला होतं.

कोच आला तेव्हा तिशीचा असेल. अमेरिकेत मक्याच्या शेतांमध्ये कुठेतरी एक लहान कॉलेज आहे, तिथे तो खेळला आणि मग तिथेच कोच झाला. त्या लहान कॉलेजांत म्हणे एकच माणूस सगळं करतो. तोच सराव घेतो, तोच बस चालवतो, तोच जर्सी धुतो, शनिवारी सकाळी चुन्याने मैदानावरचे पट्टेही तोच आखतो. स्टेडियम वगैरे नाही, लाकडी बाकं आणि गावातली म्हातारी माणसं. तिथली नोकरी सुटली म्हणून एका हंगामापुरता तो आमच्या गावात आला आणि राहिला तीन वर्षं. इथेही तेच. पट्टे तोच आखायचा, हेल्मेटचे स्क्रू तोच पिळायचा. फक्त जर्मन त्याला येत नव्हतं.

ते काम माझ्या मुलाने घेतलं.

हे मला झोंबलं. का, ते सांगतो. मुलगा नऊ वर्षांचा असल्यापासून माझा दुभाषा आहे. सतरा वर्षं इथे राहून माझं जर्मन अजून ऑफिसपुरतंच आहे. यंत्राच्या भागांबद्दल मी तासभर बोलेन, पण घरमालकाशी हीटिंगवरून भांडायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. तेव्हा मुलाला शेजारी बसवायचो. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे आमच्यासारख्या परक्यांचे परवाने जिथे होतात त्या कचेरीत, तो माझ्या बाजूच्या खुर्चीत पाय हलवत बसायचा आणि माझं वाक्य संपायच्या आत सुस्कारा सोडायचा. माझ्या पाच वाक्यांचं तो एक करायचा. समोरची कारकून बाई हसायची, तो हसायचा, आणि काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पास्ट." झालं, जमलं.

तोच मुलगा कोचचं एक अक्षर खाली पडू देत नसे. कोच इंग्रजीत गरजायचा आणि हा अर्ध्या सेकंदाने जर्मनमध्ये तसाच गरजायचा, हातवाऱ्यांसकट. कोचने विनोद केला की तो आधी स्वतः हसायचा, मग सगळ्यांना सांगून पुन्हा हसायचा. सुस्कारा नाही, काटछाट नाही. मी कुंपणाशी उभा राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, मला कधी असं पूर्ण बोलून दाखवलंस का रे? पण असं विचारता येत नाही. निदान मला येत नाही.

घरी मी मराठीत विचारायचो, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. तेही एका शब्दाचं.

मग माझ्या बायकोने कोचला जेवायला बोलावलं. "एकटा असतो बिचारा, ब्रेड खाऊन राहतो," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, जर्मनीत निम्मे लोक ब्रेड खाऊन राहतात. तिने लक्ष दिलं नाही. तिने बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि श्रीखंड असा बेत केला, आणि तो गडी अकरा पुऱ्या खाऊन गेला. हाताने, व्यवस्थित, मुलाने शिकवलं तसं. मला तो पहिल्यापासून 'सर' म्हणायचा. त्याला माझा राग यावा असं मी काहीही केलेलं नव्हतं आणि मला त्याचा राग यावा असं त्यानेही काही केलं नव्हतं. हीच पंचाईत होती. माणूस पाजी असता तर मी सुखात राहिलो असतो.

जेवता जेवता त्याने मला विचारलं, "सर, तुम्ही कॉलेजात काही खेळायचात का?"

मी म्हटलं, कबड्डी. डावा कोपरा. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज तालुक्याच्या गावी, आणि कोच म्हणजे वर्कशॉपमध्ये लेथ शिकवणारे एक सर. मैदानावरचे दगड आम्हीच वेचायचो, पाणी आम्हीच मारायचो, फक्की टाकून रेषा सर टाकायचे. कोचने हातातली पुरी ताटात ठेवली. रेषा कशाने टाकायचे, कोपऱ्यातला माणूस काय करतो, घोटा कसा धरतात, सगळं त्याने विचारून घेतलं. मी उठून दाखवलंसुद्धा. बायको हसत होती. आणि मुलगा माझ्याकडे असं बघत होता की हा कोण गृहस्थ आमच्या जेवणाच्या खोलीत वाकून उभा आहे.

त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि मी न विचारता सांगणाऱ्यांतला नाही. माझी स्वतःची गोष्ट माझ्या मुलाने पहिल्यांदा ऐकली ती त्या माणसामुळे. ह्याबद्दल मी त्याचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी भाजी गार झाली म्हणून मी बायकोवर खेकसलो.

साखळीचं काम मी पत्करलं ते ह्यानंतर. दहा यार्ड झाले की नाही हे मोजायला मैदानाच्या कडेला दोन खांब आणि त्यांच्यामध्ये दहा यार्डांची साखळी लागते. ती धरायला यजमान क्लबचे पालक उभे राहतात. मी एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे. केसाच्या जाडीचे शंभर भाग करून त्यातला एक कमी-जास्त झाला तर कळवणं हे माझं पोटापाण्याचं काम. क्लबवाल्यांना वाटलं, सोन्यासारखा माणूस मिळाला. खरी गोष्ट अशी की साखळीवाला आमच्या मैदानावर खेळाडूंच्या बाकांच्या अगदी पुढ्यात उभा असतो. तिथून मला ते दोघं जवळून दिसणार होते, म्हणून मी हो म्हटलं.

फक्त एक अट असते. साखळीवाल्याने तटस्थ राहायचं. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आपल्या मुलाने चाळीस यार्ड धाव मारली तरी चेहरा कोरा ठेवायचा. म्हणजे जवळ जायच्या नादात मी स्वतःच्या तोंडाला कुलूप घालून घेतलं. पुढची दोन वर्षं मुलगा माझ्या पुढून धावायचा, कोच टोपी हवेत फेकायचा, आणि मी पिवळा अंगरखा घालून खांबासारखा खांब धरून उभा.

तीन आठवड्यांपूर्वी मुलाने एक फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. कोचच्या त्या मक्यातल्या कॉलेजचा प्रवेशअर्ज. कोचने स्वतःच्या जुन्या कोचला लिहिलं होतं, सामन्यांचे व्हिडिओ पाठवले होते, आणि तिथून होकार आला होता. मुलाला इंजिनिअरिंगच करायचं होतं, पण तिथे, खेळत खेळत. मी मनात ड्रेस्डेनचं विद्यापीठ धरून बसलो होतो. रेल्वेने चार-पाच तास, दर महिन्याला घरी. मुलगा अठराचा व्हायला पाच महिने होते, म्हणून पालकाची सही हवी होती.

"वाचून बघतो," मी म्हटलं, आणि फॉर्म स्वयंपाकघरातल्या खणात टाकला. रोज तो विचारायचा, वाचलंस? रोज मी म्हणायचो, वाचतोय. बायको म्हणाली, "अरे, किती दिवस छळणार आहेस त्याला? नाही म्हणायचं तर नाही म्हण." नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. हो म्हटलं तर माझा मुलगा मी स्वतःच्या हाताने त्या माणसाला देऊन टाकल्यासारखं होणार होतं.

हंगामाचा शेवटचा घरचा सामना रविवारी दुपारी होता. मुलाचा ह्या क्लबातला शेवटचा. बायकोने स्टॉलवर बटाटेवडे मांडले होते, केक आणि सॉसेजच्या मध्ये. ऊन छान होतं. शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे आला.

आता त्या क्लिपबद्दल सांगायला हवं. चार प्रयत्नांची नवी पाळी सुरू झाली की साखळीवाला साखळीला एक क्लिप लावतो. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरा पट्टा असतो. साखळी जिथे त्या पट्ट्यावरून जाते तिथे क्लिप लावायची, आणि ती नेहमी पट्ट्याच्या मागच्या कडेवर. मग मोजायची वेळ आली की साखळी मैदानात न्यायची, क्लिप पट्ट्याच्या मागच्या कडेवर टेकवायची, आणि साखळी होती तशी बसते. पट्टा चार बोटं रुंद. मागची कड की पुढची, हा फरक चार बोटांचा.

त्या पाळीच्या सुरुवातीला कोचने माझ्या मुलाला जवळ बोलावलं. हेल्मेटची जाळी दोन्ही हातांनी धरली, स्वतःचं कपाळ त्यावर टेकवलं आणि काहीतरी पुटपुटला. मुलगा हसला. डोळे मिटून हसला. लहानपणी मी त्याला आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळायचो तेव्हा तो असा हसायचा. मी ते बघत राहिलो आणि बघता बघता खाली वाकून क्लिप लावली. लावल्यावर पाहिलं तर ती पुढच्या कडेवर लागली होती.

तेवढ्यात शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, खांब घेऊन मागे सरावं लागलं. नंतर नीट करू, म्हटलं. मोजणी काही दर वेळी होत नाही, कित्येक सामन्यांत एकदाही होत नाही. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. इथे मी विसरून गेलो. मी पुन्हा त्या दोघांकडेच बघत होतो.

तीन प्रयत्न झाले आणि हातभर अंतर राहिलं. अशा वेळी शहाणा कोच चेंडू लाथेने लांब मारून देतो. ह्याने तसं केलं नाही. चौथ्या प्रयत्नालाही चेंडू माझ्या मुलाच्या पोटात दिला. मुलगा भिंतीत घुसला, सात-आठ पोरं त्याच्यावर कोसळली, आणि सगळे उठले तेव्हा चेंडू अशा जागी होता की डोळ्यांनी काही सांगता येईना. रेफरीने साखळी मागवली.

आम्ही साखळी मैदानात नेली. रेफरीने क्लिप पट्ट्याच्या मागच्या कडेवर टेकवली, पुढच्या जोडीदाराने साखळी ताणून खांब उभा केला. चेंडूचं नाक खांबाच्या दोन बोटं पुढे होतं. आमची पोरं नाचायला लागली. कोच मैदानाच्या कडेपर्यंत धावत आला, मुलगा त्याच्या बाजूला गेला, आणि कोचने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

मी क्लिपकडे बघत होतो. मी ती पुढच्या कडेवर लावली होती, म्हणजे आत्ताही ती पुढच्या कडेवर, चार बोटं पुढे टेकवायला हवी होती. म्हणजे खांबही चार बोटं पुढे. म्हणजे चेंडू दोन बोटं कमी.

हे फक्त मला माहीत होतं. गप्प राहिलो असतो तर जगात कुणालाही कळलं नसतं. आणि मी बोललो. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये रेफरीला म्हणालो, "थांबा. क्लिप मी चुकीची लावली आहे. ती पुढच्या कडेची आहे."

कोचला कळेना. त्याने मुलाला विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

मी चार पावलांवर होतो. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत, स्पष्ट, एक शब्दही न गाळता त्याने सांगितलं, "माझे वडील म्हणतात की क्लिप पुढच्या कडेची आहे, चूक त्यांची आहे." आणि त्यापुढे स्वतःचं एक वाक्य जोडलं. "ते म्हणतात म्हणजे तसंच असणार."

सुस्कारा सोडला नाही त्याने.

रेफरीने साखळी सरकवली. दोन बोटं कमी. चेंडू समोरच्यांना गेला, त्यांनी वेळ काढली, आम्ही हरलो.

सामना संपल्यावर पोरं गुडघ्यावर बसली आणि मध्ये कोच उभा राहिला. मी बाजूला साखळी गुंडाळत होतो. तो म्हणाला, आज आपण एवढ्याने हरलो, आणि दोन बोटं दाखवली. असं हरलेलं मला चालतं. ह्या माणसासारखं व्हा. मुलाने त्याचं जर्मन केलं. 'ह्या माणसासारखं' ह्याच्या जागी तो 'माझ्या वडिलांसारखं' म्हणाला. मग कोचने येऊन माझा हात हातात घेतला. "सर," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मी का बोललो ते मला ठाऊक होतं. त्याने माझ्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला त्या क्षणाला मी तोंड उघडलं. त्याच्या आधी, क्लिप टेकवताना, मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तो हात तिथे पडला, आणि मला वाटलं, हर लेका. माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं ते त्याला पाडण्यासाठी.

गाडीत मुलगा आणि मी दोघंच होतो, बायको स्टॉल आवरायला थांबली होती. मुलगा जर्मनमध्ये म्हणाला, "मी ठरवलंय. फॉर्मचं तू सांगशील तसं करायचं. नाही म्हणालास तर मी ड्रेस्डेनला जाईन, कुरकुर करणार नाही. आज बघितलं मी. तू कुणाच्या बाजूने बोलत नाहीस."

मला हवं होतं ते माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं त्याने. एक शब्द बोलायचा अवकाश होता. ड्रेस्डेन. मी पेट्रोल पंपाशी गाडी बाजूला घेतली.

"मी तटस्थ नव्हतो," मी म्हटलं. "त्याने तुझ्या खांद्यावर हात टाकला म्हणून बोललो. तो हरावा म्हणून. मला त्याचा हेवा वाटतो, तीन वर्षं झाली. क्लिप चुकली तीही तुमच्याकडे बघत होतो म्हणून."

समोर एक माणूस गाडीची काच पुसत होता, मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उतरून चालत घरी जाईल, आणि ते बरोबरच होईल.

"पण कड पुढचीच होती ना?" त्याने विचारलं. मराठीत.

"हो."

"मग झालं ना, बाबा."

एवढं बोलून त्याने सीटचा पट्टा नीट केला. मी गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मी खणातून फॉर्म काढला आणि जेवणाच्या टेबलाशी बसलो. तो समोर बसला, जर्सी अजून अंगातच, गुडघ्याला गवत लागलेलं. मी पहिलं पान उलटलं आणि थांबलो. फॉर्म कोरा नव्हता. त्याने तो आणून दिला त्याच दिवशी सगळा भरून ठेवला होता, फक्त सहीची जागा सोडून. काही झालं तर कुणाला कळवायचं, तिथे माझं नाव होतं. नातं, वडील. त्याखाली, घरी बोलली जाणारी भाषा, आणि त्या चौकटीत त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, मराठी. वडिलांशी बोलायला दुभाषा लागेल का, त्यापुढे, माझं इंग्रजी चांगलं चालतं हे ठाऊक असूनही, हो. कोण, त्यापुढे, मी.

"तू वाचलंच नव्हतंस?" तो म्हणाला. "तीन आठवडे?"

"नाही," मी म्हटलं. "पेन दे."